शेलारचा नियम

ठाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी भर वर्गात स्वतःची शोभा करून घेतली. केमिस्ट्रीच्या मॅडमनी विचारलं, समतोलात असलेल्या अभिक्रियेवर बाहेरून बदल लादला तर ती काय करते, आणि हा नियम कुणाचा? माझा हात सगळ्यांच्या आधी वर. उभी राहिले आणि छातीठोकपणे सांगितलं, "शेलारचा." कोण शेलार, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, ते नक्की माहीत नाही, पण आमच्या भिवंडीला लागूनच शेलार गाव आहे, तिथलेच कुणीतरी असणार. वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातले लोक डोकावून गेले. मग मॅडमनी फळ्यावर त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं लांबलचक नाव लिहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षं म्हात्रे सर वर्गात हेच नाव घेत होते, आणि आम्ही साठच्या साठ जण 'शेलार' ऐकत होतो.

बरं, पुस्तकात नाव छापलेलं होतं की. पण पुस्तक कोण वाचतंय? सरांचं ऐकलं की पुस्तकाची गरजच पडायची नाही. आणि सरांनी तरी आम्हाला एकदा टोकावं ना! पेपरात आम्ही बिनदिक्कत 'शेलारच्या नियमानुसार' असं लिहायचो आणि ते पूर्ण मार्क देऊन मोकळे व्हायचे. नुसते द्यायचे नाहीत, गालातल्या गालात हसून द्यायचे.

हरिश्चंद्र म्हात्रे, राहणार कशेळी. आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. बुटके, ठणठणीत, आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. अंगात कायम पांढरा शर्ट आणि काळी पँट. सरांकडे शर्ट एकच आहे, अशी आमची खात्री होती. वर्गातल्या अन्सारीने एकदा त्यांच्या कॉलरला मागून पेनाचा बारीक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका नव्हता, तिसऱ्या दिवशी परत होता, तेव्हा कळलं की शर्ट निदान दोन तरी आहेत. फळ्यावर पांढराच खडू वापरायचे. रंगीत खडूंची नवी कोरी पेटी टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं पडून होती. पेपर पेन्सिलीने तपासायचे, लाल पेनाने नाही. आम्ही म्हणायचो, सर भला माणूस आहे, मार्क खोडून वाढवता यावेत म्हणून पेन्सिल ठेवतो.

तास सुरू व्हायचा पुस्तकी मराठीत. पहिली दहा मिनिटं 'विद्यार्थी मित्रहो', 'आपणांस ज्ञात आहेच' वगैरे. मग विषय रंगला की सर हळूहळू कशेळीला घसरायचे. 'नाही'चं 'न्हाय' झालं की आम्ही वह्या उघडायचो, कारण खरं शिकवणं तिथून सुरू व्हायचं. माझं गाव वळ, आमच्या घरी हीच बोली, म्हणून मला तर घरच्यासारखं वाटायचं. अन्सारीसारखी लूमवाल्यांची पोरं घरी हिंदी बोलणारी, पण तीसुद्धा 'न्हाय सर, न्हाय सर' करायला शिकली होती.

शेलारचा नियम सरांनी आम्हाला असाच शिकवला. दोन्ही बाजूंनी चाललेली अभिक्रिया, समतोलात आलेली. तिच्यात तुम्ही काही घाला, काढा, तापवा, दाबा. ती काय करते? ती 'न्हाय' म्हणते. तुम्ही जे केलं त्याच्या उलट वागून ते थोडं पुसून टाकते. पण पुरं पुसत नाही. "तो न्हाय म्हनतो," सर बोट नाचवत सांगायचे, "पन पुरा न्हाय म्हनत न्हाय. आनि परत पयल्या जागेवर येत न्हाय. नव्या जागेवर बसतो." मग उदाहरण. सरांच्या घरी एक लाकडी खुर्ची होती. सर पेपर वाचायला ती खुर्ची उजेडाकडे, म्हणजे दाराकडे, दोन हात सरकवायचे. काकी, म्हणजे सरांची बायको, केर काढताना ती परत आत ढकलायच्या, पण दीड हातच. सर परत दोन हात बाहेर, काकी परत दीड हात आत. "पंधरा दिसांत खुर्ची भिंतीपासून दारापरेंत आली," सर सांगायचे, "आनि आमच्या हिला वाटतं, ती जागच्या जागीच हाय." आम्ही हसून हसून लोळायचो. पण खरं सांगते, पुढे मी ठाण्यात मोठमोठी समीकरणं शिकले, तरी तो नियम मला कळला तो त्या खुर्चीवरूनच.

त्यांना सगळीकडे हा नियमच दिसायचा. कशेळीला ट्रक तुंबले की सरांना यायला उशीर व्हायचा आणि दुसरा कुणी असता तर वैतागला असता. हे घामाघूम होऊन, चेहरा फुललेला, वर्गात शिरायचे आणि सांगत सुटायचे की आज मोठा रस्ता अडला, मग निम्म्या गाड्या आतल्या रस्त्याने घुसल्या, मग मोठा रस्ता जरासा सुटला, पण पुरा सुटला नाही, बघितलं का, पुरा सुटला नाही! ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलेला माणूस इतका खूश मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

पण सरांचा खरा जीव प्रयोगशाळेत. तिथे मदतनिसाची जागा बरीच वर्षं रिकामी होती, त्यामुळे परीक्षानळ्या धुण्यापासून सगळं तेच करायचे. आणि तिथे त्यांची एक रीत होती. रंग बदलणारा कुठलाही प्रयोग असला की सर परीक्षानळी खिडकीपाशी उंच धरायचे आणि ओरडायचे, "सांगा!" आणि आम्ही सगळ्यांनी मिळून रंग सांगायचा. ते स्वतः कधीही सांगायचे नाहीत.

आता आमचा वर्ग म्हणजे कापडाच्या गावातला वर्ग. निम्म्या पोरांच्या घरी लूम, कुणाचा बाप डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कुणाची आई साड्यांना फॉल लावते. आम्हाला काय साधे सात रंग माहीत असणार? पुस्तक म्हणायचं 'फिकट गुलाबी' आणि आमच्यात भांडण सुरू. एक म्हणायचा बेबी पिंक, दुसरी म्हणायची छे, कांद्याच्या सालीचा. अन्सारी उठून सांगायचा, "सर, ये तो गाजरी है." मागून कुणीतरी शेंदरी म्हणायचं. रानी, रामा, मोरपंखी, मेहंदी, वांगी, अशी नुसती उधळण. सर खिशातून छोटी वही काढायचे आणि पेन्सिलीने एकेक नाव लिहून घ्यायचे. मध्येच थांबवून विचारायचे की गाजरी आणि शेंदरी यांत फरक काय, नीट सांगा. आणि आम्ही तासभर सरांना गाजर आणि शेंदूर समजावून सांगत असायचो. त्या वेळी त्यांचा चेहरा काय दिसायचा! त्यांच्यापुढे कुणीतरी पंचपक्वान्नांचं ताट वाढतंय आणि ते एकेक पदार्थाचं नाव विचारून घेतायत, असा.

आता माझ्या पापाकडे येते.

बारावीत सरांनी माझं जर्नल पकडलं. एक प्रयोग मी केलाच नव्हता, मैत्रिणीचं बघून निरीक्षण उतरवलं होतं. कोण करत नाही? पण सरांनी भर वर्गात ते पान फाडलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की भोईर, तू बघितलं नाहीस, न बघता रंग लिहिलास, हे माझ्या प्रयोगशाळेत चालायचं नाही. वळच्या भोईरांची पोरगी मी, घरात कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, थांबा सर, तुम्हाला रंगाचं एवढं कौतुक आहे ना, दाखवते रंग.

पुढच्याच आठवड्यात तो पिवळा-केशरी प्रयोग होता. सोपा आहे. एका क्षाराचं पिवळं पाणी असतं. त्यात आम्ल टाकलं की ते केशरी होतं. कॉस्टिक सोडा टाकला की परत पिवळं. शेलारचाच नियम, आम्ल वाढलं की ते पाणी आम्ल खाऊन टाकतं आणि खाता खाता केशरी होतं. मी सगळ्या वर्गाला तयार केलं. सरांनी 'सांगा' म्हटलं की सगळं उलटं सांगायचं, कुणी हसायचं नाही. सर चिडतील, आम्ही हसू, संपलं. एवढाच बेत होता.

सरांनी आम्ल टाकलं. पाणी झक्क केशरी झालं. नळी वर धरली. "सांगा!"

"पिवळाच, सर!"

सर थबकले. नळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग कॉस्टिक टाकलं, पाणी पिवळं झालं, आणि आम्ही साठ जण एका सुरात म्हणालो, केशरी. आता चिडतील, असं म्हणून मी ओठ चावून बसले. सर चिडले नाहीत. त्यांनी दोन्ही बाटल्यांची लेबलं वाचली. मग आम्लाच्या बाटलीतले चार थेंब धुण्याच्या सोड्यावर टाकून बघितले. फसफसून बुडबुडे आले, म्हणजे आम्ल आम्लच होतं. परत पहिल्यापासून सगळं केलं. आम्ही परत उलटं सांगितलं, कारण आता मागे कसं फिरायचं? तिसऱ्यांदा केलं. आणि मग सरांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ना, ते बघून मी चावलेला ओठ सोडला. ते आनंदाने थरथरत होते.

एकजण कुणीतरी घाबरून पुटपुटला, सर, पुस्तकात तर वेगळं आहे. त्यावर सर म्हणाले, "पुस्तकात चूक असंल. साठ पोरं एकदम खोटं कशी बोलतील?"

अहो, काय सांगू तुम्हाला. त्या वाक्यानंतर घंटा झाली आणि कुणी जागचं हललं नाही.

वाटलं होतं, उद्या विसरतील. कसले विसरतायत! दुसऱ्या दिवशी आले ते वहीची दहा पानं भरूनच. तिसऱ्या दिवशी नवीन आम्ल मागवलं, नवा क्षार मागवला. पाण्यात काही दोष आहे का म्हणून कशेळीहून कॅनमध्ये घरचं पाणी घेऊन आले. प्रत्येक वेळी नळी वर, 'सांगा', आणि आमचं पडेल आवाजात खोटं. खोट्याने खोटं वाढत चाललं होतं आणि एकालाही तोडता येईना. आणि मग सरांनी जाहीर केलं की शनिवारी कॉलेजच्या तपासणीला बाहेरून मंडळी येणार आहेत, त्यांच्यासमोर हा प्रयोग आपण करून दाखवायचा. भिवंडीच्या पोरांनी हे पहिल्यांदा बघितलंय, तुमची नावं मी फळ्यावर लिहिणार, म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली. ती मंडळी काही आंधळी नव्हती. सर त्यांच्यासमोर केशरी नळी हातात धरून ती पिवळी आहे म्हणून सांगणार, आणि जन्माचं हसं होणार. आणि हे सगळं माझ्यामुळे. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नव्हती. सर स्वतः का बघत नव्हते? नळी तर त्यांच्याच हातात होती.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी रिक्षाने कशेळी गाठली. घर शोधायला त्रास पडला नाही, कारण उंबऱ्याला टेकून एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. अगदी दारात. आत जायला अंग चोरावं लागलं. काकींनी पाणी दिलं, आणि सर आले तेव्हा मी ग्लास हातात धरून रडतच होते. भडाभडा सगळं सांगून टाकलं. जर्नलचं पान, माझा राग, वर्गाला पढवलेलं, सगळं. म्हटलं, सर, आम्ल टाकल्यावर केशरीच होतं. पहिल्या दिवसापासून केशरीच होत होतं.

सर दारातल्या खुर्चीवर टेकले. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे नियम मोडला न्हाय!" आणि हसायला लागले. खोटं नाही सांगत, खरोखर आनंदाने हसले. नियम जित्ता आहे, याचाच त्यांना आनंद. काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी सरांकडे बघितलं, तसं सरांचं हसू हळूहळू ओसरलं.

मग मी तो प्रश्न विचारला. सर, तुम्हाला दिसलं नाही का?

"मना रंग दिसत न्हाय, भोईर," सर म्हणाले. "पिवळा, केशरी, हिरवा, लाल, सगळं मना एकाच मातीचं दिसतं. जल्मापासून."

काकी म्हणाल्या की म्हणून तर सगळे शर्ट पांढरे, सकाळी घाईत काहीतरी भलतंच अंगात घालून जायला नको. मग सरांनी सांगितलं. कॉलेजात लागण्याआधी त्यांना एका डाइंगमध्ये नोकरी लागली होती, रंगलेलं कापड नमुन्याशी ताडून बघायची. आठव्या दिवशी त्यांनी मेहंदी रंगाचा अख्खा माल 'मरून', म्हणजे गडद तांबडा, म्हणून पास केला आणि नवव्या दिवशी ते घरी होते. डाइंग शेलारला होती. आता बंद झाली. म्हणून आम्ही पहिल्यांदा 'शेलारचा नियम' म्हटलं तेव्हा त्यांना मनातून इतकी गंमत वाटली होती की त्यांनी ते तसंच राहू दिलं. ज्या गावाने घरी बसवलं त्या गावाच्या नावाचा नियम आपण रोज शिकवतो, म्हणाले.

कॉलेजात त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. रंग न दिसणाऱ्या माणसाकडे प्रयोगशाळा कोण ठेवील, ही भीती. इतकी वर्षं त्यांनी आमच्या डोळ्यांवर काम केलं होतं. कसले नाटकी सर, असं आम्ही म्हणायचो, आणि ते खरोखर विचारत होते. ते पान त्यांनी का फाडलं, ते मला तिथे उंबऱ्यावर उभी असताना कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुणालाही सांगणार नाही, असं वचन देऊन बाहेर पडले आणि सर निवृत्त होईपर्यंत पाळलं. हे लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे, ती त्यांनी हसत दिली.

शनिवारी सकाळी मी वर्गाला एवढंच सांगितलं की आता खरं बोलायचं, आणि वर्ग खरं सांगायला नुसता टपून बसला होता. बाहेरची मंडळी मागच्या बाकांवर. सरांनी आम्ल टाकलं, नळी उचलली, पण छातीच्या वर नेली नाही. 'सांगा' म्हणाले नाहीत. "आम्ल टाकल्यावर द्रावण केशरी होते," असं पुस्तकातलं वाक्य त्यांनी म्हटलं आणि नळी स्टँडला लावली. त्या तासात एकदाही 'न्हाय' आलं नाही. मंडळी मान डोलावून निघून गेली, म्हणजे सगळं निभावलं. मी बाकावर डोकं टेकून मुसमुसत होते आणि अन्सारी मला विचारत होता, "अरे, सब ठीक तो हो गया, रोती क्यों है?"

पुढचे दोनेक आठवडे प्रयोगशाळा मुकी होती. मग एक दिवस सरांनी एका मुलीला जवळ बोलावलं, हळूच रंग विचारला, तिला जागेवर पाठवलं, आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाला बोलावून तेच विचारलं. दोघांचं जुळल्यावर वहीत लिहिलं. पुढे तीच रीत पडली. गाजरी-शेंदरीची भांडणं परत सुरू झाली, सर परत हसायला लागले, कशेळीला घसरायला लागले. पण नळी वर धरून सगळ्या वर्गाला 'सांगा!' म्हणून ओरडणं, ते मात्र गेलं ते गेलंच. आमच्यानंतरच्या पोरांना तर असं काही होतं हे माहीतही नाही.

आणि मला त्यांनी कधीच विचारलं नाही. रागावले होते म्हणावं, तर मुळीच नाही. बारावीला मला रात्रंदिवस अभ्यासाला जुंपलं ते त्यांनीच. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पोरीला ठाण्याला पाठवायला तयार नव्हते, तर सर वळ गावी आमच्या घरी येऊन दादांशी बोलले. पण रंग विचारायची वेळ आली की त्यांची नजर माझ्यावरून पुढे जायची. मी पहिल्या बाकावर बसायचे, मान उंच करून. डावीकडच्या मुलीला विचारायचे, उजवीकडच्याला विचारायचे. मला इतकं वाटायचं, एकदा विचारावं. निदान एकदा. नाही विचारलं. नव्या जागेवर बसलं होतं सगळं, आणि त्या जागेत मी नव्हते.

आता माझी नोकरी ऐका. बी.एस्सी. झाल्यावर मी शेलारला लागले, एका डाइंगच्या लॅबमध्ये. काम काय, तर रंगलेलं कापड नमुन्याशी ताडून बघायचं. तेच, आठ दिवसांत सरांच्या हातून गेलेलं. मी ते मुद्दाम शोधलं का? थोडं मुद्दामच. आज इतकी वर्षं दिवसभर मी रंग बघते आणि जसा आहे तसाच सांगते. मालक माझ्यावर चिडतात, पार्टी, म्हणजे माल घेणारा, फोनवर तावातावाने बोलते, पण मी तसूभरही इकडचं तिकडे करत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी सरांना फोन केला. सर आता निवृत्त. म्हटलं, सर, शेलारला या, शेलारचा नियम दाखवते. दुसऱ्याच दिवशी दुपारी रिक्षातून उतरले, पांढराच शर्ट, हातात छत्री, कशाला कोण जाणे. गेटपाशी जरा थांबले. मी त्यांना हाताला धरून आत नेलं.

जिगरवर लाल माल चालू होता. जिगर म्हणजे रंगाचं लांबट कुंड, त्याच्यावर दोन रूळ, कापड एका रुळावरून सुटतं, रंगात बुडतं आणि दुसऱ्या रुळावर जातं, परत उलटं. मी सरांना ओरडून ओरडून सांगत होते, कारण मशीनचा आवाज फार. रंग पाण्यातही आहे आणि कापडातही, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन्हीकडे समतोल. आता बघा, आम्ही मीठ घालतो. कामगाराने मिठाची बादली आणली आणि सरांनी त्यात हातच घातला. त्यांच्या आज्याने जन्मभर खाडीतल्या मिठागरात फळी ओढली होती. मूठभर मीठ बोटांतून सोडत मला म्हणाले की अगं, हे तर आमच्या घरचंच. मग मी सांगितलं, मिठामुळे रंगाला पाण्यात राहणं अवघड होतं, मग तो पाणी सोडतो आणि कापडात शिरतो. सरांचे डोळे असे चमकले! आवाज परत खाडीपलीकडे गेला. तापवलं तर काय होतं, पाणी वाढवलं तर काय होतं, कापड कमी केलं तर? एकेक प्रश्न असा की आमच्या रंगाच्या मास्टरलाही उत्तर देताना डोकं खाजवावं लागलं. मास्टर गोरखपूरकडचा, तीस वर्षं रंगात हात घातलेला. तोही खुलला. दोघांची हिंदी-मराठीत अशी जुंपली की मी आपली मध्ये उभी.

माल उतरायची वेळ झाली. मास्टर छाती फुगवून सरांना म्हणाला, "देखिए साहब, पूरा रंग कपड़े में चढ़ गया. पानी एकदम साफ."

सरांनी कुंडाकडे बघितलं. मग मास्टरकडे न बघता माझ्याकडे वळले.

"भोईर, तू सांग."

सरांनी मला रंग विचारला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी काचेचा ग्लास कुंडात बुडवला, भरून घेतला आणि दाराशी उजेडात गेले. सर मागोमाग आले. मास्टर माझ्याकडे बघत होता, मी त्याचा मान राखावा म्हणून. पाणी साफ आहे म्हटलं असतं तर तो खूश झाला असता. मी ग्लास उंच धरला, अगदी खिडकीपाशी सर धरायचे तसा, आणि नीट बघितलं.

"न्हाय सर," मी म्हटलं. "थोडा रंग उरलाय."

"उरनारच!" सर ओरडले. मशीनवरची दोन माणसं वळून बघायला लागली. "पुरा कसा जाईल? पुरा न्हाय म्हनतच न्हाय तो!" ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते, आणि माझं तर काय विचारूच नका. मग त्यांनी खिशात हात घातला, तीच छोटी वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघत थांबले.

"उरलाय तो कुठला?"

"कांद्याच्या सालीचा, सर."

त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.